शंभर लिटरांचा समुद्र

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि त्यानंतरच्या निदान दोन पिढ्यांनी प्रवाळखडकांतला रंगीत मासा जिवंत पाहिला तो बहुधा तेथल्या जाड काचेआडून. त्यामुळे समुद्राचे पाणी चार भिंतींच्या आत राखणे हा सरकारी खात्याचा किंवा एखाद्या धनवंताचा उद्योग होय, मध्यमवर्गीय गृहस्थाने गप्पी, एंजल आणि फार तर एखादा गोल्डफिश पाळून आपली हौस भागवावी, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली. ती त्या काळापुरती यथार्थच होती. परंतु कृत्रिम समुद्रमीठ, विजेवर चालणारे लहान पंप, निळसर प्रकाशाचे एलईडी दिवे आणि थेंबांनी पाणी तपासण्याचे संच ही सामग्री शहरांतून मिळू लागल्यापासून दिवाणखान्यात दोन फुटांची खाऱ्या पाण्याची पेटी ठेवून तीत क्लाऊन माशांची जोडी व चार मऊ प्रवाळे नांदविणारे हौशी मुंबई-पुण्यास दिसू लागले आहेत, आणि असा टँक आपल्यालाही लावता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या घरी येणारा पाहुणा हटकून विचारतो.

प्रश्न साधा आहे, पण त्याला मिळणारी उत्तरे इतकी परस्परविरुद्ध असतात की विचारणारा गांगरून जावा. पाणी थंड करणाऱ्या चिलरावाचून गत्यंतर नाही असे एकजण बजावतो, तर दुसरा टेबलपंख्यावर भागते म्हणतो; कोणी समुद्रातून काढलेल्या जिवंत खडकाचा आग्रह धरतो, कोणी कोरड्या कृत्रिम खडकाची शिफारस करतो; फेसावाटे पाण्यातला मळ काढणारे स्किमर हे कोणाला मत्स्यालयाचे हृदय वाटते, तर कोणाला लहान पेटीतला निव्वळ अडथळा. या मतांची छाननी केल्यावर माझी अशी धारणा झाली आहे की, वाद वरकरणी यंत्रांचा असला तरी त्याच्या बुडाशी एकच बाब आहे, ती म्हणजे थोड्याशा पाण्यात होणारा बदल किती संथ ठेवता येतो ही. ज्या उपायाने बदलाची गती मंदावते तो नवशिक्याच्या कामाचा. ज्याने ती वाढते तो कितीही आधुनिक व किमती असला तरी पहिल्या वर्षी त्याज्य समजावा.

या छंदाचा पूर्वेतिहास पाहिला तर हेच तत्त्व लोकांना किती उशिरा उमगले ते ध्यानात येते. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही लहान प्रवाळे लंडनला आणली, आणि ती जगावीत म्हणून घरच्या मोलकरणीने रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभे राहून त्यांचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत राहावे, अशी तजवीज केली. पाण्यात हवा खेळती राहिली पाहिजे, हा सिद्धान्त पुस्तकात येण्यापूर्वी त्या अनामिक मोलकरणीच्या दंडांनी सिद्ध केला होता. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह झाले, लगेच दुसऱ्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला, आणि घरोघरी काचपेट्यांचे असे वेड पसरले की त्यापायी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांतली तळी ओरबाडून निघाली; या हानीबद्दलचा विषाद गॉस यांच्याच पुत्राने, एडमंड गॉस यांनी, १९०७ च्या आपल्या आत्मपर पुस्तकात नमूद करून ठेविला आहे. छंदाच्या जन्माबरोबरच त्याची काळी बाजूही जन्मास आली होती, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयास हवे.

त्यानंतर सुमारे शतकभर खाऱ्या पाण्याची पेटी म्हणजे पांढरे धुतलेले मृत प्रवाळ-सांगाडे आणि त्यांत काही महिने तग धरणारे मासे, एवढीच मजल होती. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली: समुद्रातून आणलेला, सूक्ष्मजीवांनी भरलेला सच्छिद्र खडक, स्वच्छ सागरजल, भरपूर प्रकाश आणि हवेचे बुडबुडे, यापलीकडे काही नाही. लेख वाचणाऱ्या पाश्चात्त्यांना ना तो खडक सहज मिळत होता, ना ते ऊन. म्हणून तो बराच काळ नवलाईच्या सदरात पडून राहिला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बर्लिनच्या हौशी मंडळींनी तोच खडक घेऊन त्याला प्रबळ दिव्यांची व स्किमरची जोड दिली, आणि १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने अमेरिकेत ठिबक-गाळणीचा बोलबाला केला. आज ठिबक-गाळणी मागे पडली असून बर्लिनचा वारसा सर्वत्र चालू आहे. कारण खडकाच्या छिद्राछिद्रांत राहणारे जीवाणू हेच खरे गाळणीयंत्र, बाकीची उपकरणे त्यांच्या दिमतीला, हे आता निर्विवाद झाले आहे.

पेटी केवढी असावी, या पहिल्याच प्रश्नावर नवशिक्याची फसगत होते. लहान म्हणजे सोपी असे त्यास वाटते, आणि वीस-तीस लिटरांचे सुबक काचघन विकणाऱ्यास तो गैरसमज दूर करण्याचे काही प्रयोजन नसते. वस्तुस्थिती उलट आहे, आणि ती साध्या त्रैराशिकाने पडताळता येते. पेटीतून पाणी उडते, मीठ उडत नाही. शंभर लिटरांतून रोज दीड लिटर उडाले आणि कोणी भर घातली नाही, तर दर हजारी ३५ असलेली लवणता आठवड्याअखेर ३९ वर जाते. तीस लिटरांतून रोज पाऊण लिटर उडाले तर ती ४२ च्या पुढे सरकते, म्हणजे जगातील अत्यंत खाऱ्या समुद्रांत गणल्या जाणाऱ्या तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकालाही मागे टाकते. तीच कथा उष्णतेची आणि कुजलेल्या अन्नाची. म्हणून ६० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद आणि उंच अशी, खडक-वाळू वजा जाता शंभरेक लिटर पाणी मावेल एवढी पेटी ही मी नवशिक्यासाठी खालची मर्यादा समजतो. काच, खडक आणि स्टँड धरून तिचा भार पावणेदोनशे ते दोनशे किलोपर्यंत जातो, सबब ती खोलीच्या मध्यावर न मांडता भिंतीलगत, शक्यतो तुळईच्या रोखाने, आणि पाणसळ लावून मांडावी. उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने करावयाची असते. ती आपोआप घालणारे तरंगत्या कळीचे लहानसे यंत्र हे स्किमरच्याही आधी विकत घेण्याजोगे आहे, असे माझे ठाम मत आहे.

खडक व प्रवाळे आणावयाची कोठून, या प्रश्नाला भारतात एक कायदेशीर बाजू आहे, आणि परदेशी पुस्तके वाचून छंदाला लागणाऱ्यांना तिची वार्ताही नसते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ च्या अधिसूचनेने खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन-पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांचा समावेश झाला. याचा अर्थ, वाघाला जे संरक्षण तेच मालवणच्या खडकावरील प्रवाळाला. सिंधुदुर्गात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात आंग्रिया बँकेचे विस्तीर्ण प्रवाळक्षेत्र आहे. तेथला जिवंत वा मृत तुकडा खिशात घालून आणणे हा हौसेचा भाग नसून गुन्हा आहे, आणि बाजारात कोणी ‘जिवंत खडक’ म्हणून कोठल्यातरी दक्षिणेकडील किनाऱ्यावरचा माल दाखविला तर तो हातात न घेता दुकानाबाहेर पडावे. आयात केलेल्या कठीण प्रवाळांनाही वन्यजीवांविषयीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचे बंधन आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अशा परदेशी सजीवांच्या बाळगणुकीच्या नोंदणीची तरतूद अधिनियमातच आली आहे. तेव्हा मश्रूम, लेदर, झेनिया यांसारखी मऊ प्रवाळे घेतानाही विक्रेत्याकडून उगमाची व आयातीची कागदपत्रे मागावीत, संशय असेल तेथे वन खात्याकडे चौकशी करावी, आणि कागद नसेल तर माल नको, असा दंडक पाळावा. खडकाचा प्रश्न यामुळे परस्पर निकालात निघतो: सिमेंट वा भाजलेल्या मातीचा सच्छिद्र कृत्रिम खडक घ्यावा. तो जिवंत नसतो, जिवंत व्हायला महिने घेतो, पण त्यातून अनाहूत उपद्रवी जीवही घरात येत नाहीत.

माशांच्या बाबतीत वाट अधिक सुकर आहे. फिलिपाईन्समध्ये साठच्या दशकापासून, आणि पुढे इंडोनेशियातही, सायनाइडचा फवारा मारून मासे गुंगवून पकडण्याची दुष्ट रीत पडली; असा मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि घरी आल्यावर काही दिवसांत वरकरणी विनाकारण मरतो. क्लाऊन मासा मात्र हौदांत वाढविता येतो; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास भारतात यशस्वी केली, आणि आपल्याकडे ऐरोलीस कांदळवन प्रतिष्ठानाचे शोभिवंत सागरी माशांचे पैदास केंद्र आहे. हौदात जन्मलेला मासा कोरडे खाद्य ओळखतो, काचेला बिचकत नाही आणि समुद्रातून एक जीव कमी झाल्याचा ठपका आपल्यावर ठेवीत नाही. तो मिळत असताना रानटी मासा घेण्यात मला कोणताही शहाणपणा दिसत नाही.

आता पाणी. किनाऱ्यावर राहणाऱ्यास घागर भरून समुद्र घरी आणण्याचा मोह होतो. मुंबईच्या किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ व सांडपाण्याने दूषित असते, आणि कोकणात अन्यत्र ते स्वच्छ असले तरी पावसाळ्यात खाड्यांच्या तोंडाशी त्याची लवणता फार उतरते. म्हणून हा मोह आवरावा. नळाचे पाणीही थेट चालत नाही, कारण त्यात क्लोरीन, सिलिकेट, फॉस्फेट आणि कधी जुन्या नळांतले तांबे असते, आणि तांब्याचा अंश माणसाला निरुपद्रवी असला तरी गोगलगायी, कोळंबी व प्रवाळ यांना घातक ठरतो. स्वयंपाकघरातील आरओ यंत्रावर काम भागेल अशी पुष्कळांची अटकळ असते. पण ती यंत्रे चवीसाठी काही क्षार पाण्यात पुन्हा मिसळतात. आपल्याला हवे ते आरओनंतर उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय राळेतून गेलेले, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखविणारे पाणी. बोअरवेलच्या जड पाण्यावर ही राळ लवकर संपते, मुंबईच्या तलावांच्या मृदू पाण्यावर ती पुष्कळ टिकते.

मीठ स्वयंपाकाचे वा खडे मीठ चालत नाही, हे सांगावयास नको, तरी सांगतो. समुद्रमिठात सोडियम क्लोराइडशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट इत्यादी ठराविक प्रमाणात असतात. स्वच्छ बादलीत आधी पाणी घ्यावे, पंप चालू करावा आणि मग लिटरला सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम या हिशेबाने मीठ सावकाश सोडावे. आधी मीठ घालून वर पाणी ओतले तर तळाशी कॅल्शियमची पांढरी साय धरते आणि ती पुन्हा विरघळत नाही. प्रथम पाणी दुधट होते, मग तासा-दोन तासांत निवळते. तरी ते रात्रभर फिरू देऊन दुसऱ्या दिवशी मोजावे. मोजण्याचे साधन रिफ्रॅक्टोमीटर. त्याची शून्यरेषा केवळ शुद्ध पाण्यावर जुळवून भागत नाही, दर हजारी ३५ च्या प्रमाणित द्रवावर त्याची रुजवात घालावी लागते. २५ अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास आले की मीठ बरोबर पडले.

या सर्वांपेक्षा आपल्या देशात अधिक विचार करावयास लावणारा विषय उष्णतेचा. प्रवाळ सहन करू शकते त्या तापमानाच्या वरच्या कडेलाच ते निसर्गतः राहते; नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश अधिक काही आठवडे टिकला तरी प्रवाळ आपल्या देहातील सहजीवी शैवालपेशी बाहेर टाकून पांढरे पडते, आणि १९९८ साली लक्षद्वीपमध्ये हे विस्तीर्ण प्रमाणावर घडले. पेटीचे पाणी २५-२६ अंशांवर ठेवावे, २८ च्या वर जाऊ देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. यासाठी पंखा की चिलर, या वादात दोन्ही पक्ष खरे असतात, कारण एक पक्ष बहुधा पुण्याचा असतो आणि दुसरा मुंबईचा. पाण्यावरून पंख्याचा वारा गेला की बाष्पीभवनाने पाणी थंड होते. पण किती, ते हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून. एप्रिलच्या दुपारी पुण्यात पारा ३८ वर असला तरी हवा कोरडी, त्यामुळे ओल्या फडक्याचा तापमापक वीस-बावीस अंशांच्या आसपास राहतो आणि पंख्याने पेटी पाच-सहा अंश सहज उतरते. मुंबईत मे महिन्यात हवा ३३ अंशांचीच असते, पण ती ओलाव्याने इतकी जड असते की ओले फडके २७-२८ च्या खाली येतच नाही. त्या हवेत पंखा रात्रंदिवस फिरवूनही तो पेटीला त्याखाली नेऊ शकत नाही, उलट पाणी उडविण्याचे काम मात्र चोख करतो. निष्कर्ष असा की देशावर पंखा व भर घालणारे यंत्र पुरते, किनाऱ्यावर चिलराचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीलाच धरावा. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत टाकतो, म्हणून तो बंद कपाटात ठेवणे म्हणजे वीजबिल वाढवून घेणे होय. विजेचाच विषय निघाला म्हणून सांगतो: पंप थांबल्यावर दाट वस्तीच्या पेटीतला प्राणवायू काही तासांत संपू लागतो. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाण्याची सवय असलेल्या गावात बॅटरीवर चालणारा हवापंप ही चैन समजू नये.

पाणी, खडक, वाळू मांडून झाल्यावर मासे येण्याआधी जो काळ जातो त्याला छंदातले लोक ‘सायकल’ म्हणतात. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा पुष्कळ सौम्य. हे जीवाणू खडकावर वसावेत म्हणून त्यांना अमोनिया पुरवावा लागतो. पूर्वी यासाठी काटक, स्वस्त डॅमसेल मासा टाकीत आणि तो जगला तर सायकल झाली म्हणत. ही क्रूर रीत आता टाकून दिलेली बरी. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, वापरता येतो, पण कल्हईवाल्याच्या पिशवीतला नव्हे, तर शुद्ध रसायनाच्या दुकानातला. त्याने पाण्यात लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया यावा एवढा घालावा. बाटलीतले तयार जीवाणू अथवा चालत्या पेटीतला खडकाचा तुकडा घातला तर ते दुधाला विरजण लावल्यासारखे होऊन काळ वाचतो. तरीही तीन ते सहा आठवडे धरून चालावे. तपासणीची नळी या दिवसांत वहीइतकीच जवळ असावी. आरंभी अमोनियाची नळी गर्द हिरवी येते, मग काही दिवसांनी नायट्राइटची नळी जांभळट चढते, आणि जेव्हा सायंकाळी घातलेला अमोनिया दुसऱ्या सायंकाळी मोजला असता दोन्ही नळ्या निर्मळ पिवळ्या व आकाशी येतात, तेव्हा खडक कामाला लागला असे समजावे. तारीख, तापमान, लवणता व हे आकडे यांची रोजकीर्द ठेवणाऱ्यास पुढे बिघाडाचे मूळ शोधणे सोपे जाते.

दिवे व प्रवाह यांविषयी थोडक्यात सांगता येईल. प्रवाळ आपले बहुतांश अन्न देहातील शैवालपेशींनी केलेल्या प्रकाशसंश्लेषणातून मिळविते, आणि त्या पेशींना निळा प्रकाश विशेष मानवतो. मऊ प्रवाळांसाठी मध्यम ताकदीचा एलईडी दिवा आठ-नऊ तास पुरे. नवा दिवा पहिल्या दिवसापासून पूर्ण जोरात लावू नये, आठवड्यागणिक वाढवीत न्यावा. प्रवाहासाठी तासाला पेटीच्या वीसपट पाणी हलविणारा पंप घ्यावा, आणि तो एकाच प्रवाळावर थेट रोखू नये. स्किमर शंभर लिटरांत आवश्यक नाही. दर आठवड्यास दहा लिटर पाणी नियमाने बदलणाऱ्यास तो नसला तरी चालतो, न बदलणाऱ्यास तो असूनही वाचवीत नाही.

वस्ती बसविताना प्रथम गोगलगायी व एक-दोन शंखवासी खेकडे, मग काही आठवड्यांनी मासे. शंभर लिटरांत क्लाऊनची जोडी, एखादी लहान गोबी, आणि फार तर आणखी एक छोटा मासा, इथे थांबावे. क्लाऊन सर्व जन्मतः नर. दोन लहान पिले एकत्र सोडली की जे मोठे व दांडगे ते मादी होते, दुसरे नर राहते, आणि ही सत्तेची वाटणी काही दिवस शेपट्यांच्या थरथरीने चालते, ती पाहण्यासारखी असते. त्यांना समुद्रफूल लागतेच असे नाही. उलट समुद्रफूल हा फिरता जीव. नव्या पेटीत ते जागा शोधीत सरकत जाऊन पंपात चिरडते आणि सारे पाणी नासवते. निळा टँग एक फुटाएवढा वाढतो, त्याला येथे स्थान नाही. मँडरीनचे रूप मोहक, पण तो सूक्ष्म कवचधारी जीवांवर जगतो आणि नव्या पेटीत ते नसल्यामुळे उपाशी मरतो. प्रत्येक मासा आधी निराळ्या, साध्या पेटीत महिनाभर ठेवावा; पांढऱ्या ठिपक्यांचा रोग निघालाच तर तांब्याचे औषध तेथेच देता येते, मुख्य पेटीत ते कदापि देता येत नाही. ही खबरदारी सर्वांना पटते आणि फारच थोडे पाळतात.

रसायनशास्त्राचा जो पसारा पुस्तकांत असतो, त्यातला नवशिक्याने फार थोडा अंगावर घ्यावा. लिटरला कॅल्शियम ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, आणि अल्कता सात ते नऊ जर्मन अंश: चांगल्या मिठाने पाणी बदलत गेले की मऊ प्रवाळांच्या पेटीत हे आकडे बहुधा स्वतःहून राहतात. अल्कता तेवढी आठवड्यास मोजावी. पाच मिलिलिटर नमुन्यात थेंब थेंब द्रव टाकीत जावा, निळे पाणी ज्या थेंबाला पिवळे होईल तितके अंश. आकडा जरा खाली आला म्हणून बाटलीभर औषध ओतणे हे आकडा खाली असण्यापेक्षा वाईट. नायट्रेट-फॉस्फेटविषयी मात्र तज्ज्ञांचे मत गेल्या काही वर्षांत पालटले आहे. पूर्वी दोन्ही शून्यावर आणण्याची चढाओढ असे. आता असे दिसून आले आहे की अगदी उपाशी पाण्यात प्रवाळे फिकट पडतात आणि चिकट, तपकिरी डायनोफ्लॅजेलेट फोफावतात, म्हणून थोडे नायट्रेट व किंचित फॉस्फेट असू द्यावे. या बाबतीत नवे मत मला अधिक ग्राह्य वाटते.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वाळूवर तपकिरी डायटम येतात, ते ओसरले की खडकावर हिरव्या केसांसारखे शेवाळ, कधी लालसर सायनोजीवाणूंची साय. हा काळ प्रत्येक नव्या पेटीला भोगावा लागतो, आणि पुष्कळजण येथेच छंद सोडतात किंवा दुकानातील सर्व रसायने एका आठवड्यात वापरून जे जगत होते तेही मारतात. हाताने शेवाळ उपटावे, गोगलगायी वाढवाव्यात, खाद्य कमी करावे, पाणी बदलत राहावे. महिन्या-दोन महिन्यांत खडक जांभळट चुनखडी शैवालाने रंगू लागतो. मात्र एक धोका खरोखर जीवावरचा आहे. झोअँथिड वर्गातील काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते, १९७१ साली हवाईच्या एका जातीतून ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले, आणि ते ज्ञात विषांतील अत्यंत जहाल विषांत मोडते. ही प्रवाळे कापताना हातमोजे व चष्मा घालावा, आणि त्यांनी व्यापलेला खडक उकळत्या पाण्यात कधीही टाकू नये, कारण वाफेतून ते श्वासात जाऊन सबंध कुटुंब रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशांत घडलेल्या आहेत.

उरला प्रश्न गावी जाण्याचा. गणपतीला आठ दिवस कोकणात जाणाऱ्या गृहस्थाने पेटीची किल्ली शेजाऱ्याकडे दिली, तर परतल्यावर जे नुकसान दिसते ते उपासमारीने क्वचित आणि अतिखाद्याने बहुधा झालेले असते. धडधाकट क्लाऊन चार-पाच दिवस खाद्यावाचून राहू शकतो, पण मायेपोटी टाकलेले मूठभर दाणे कुजून अमोनिया वर चढला तर रात्र काढणे त्याला कठीण जाते. म्हणून जाण्यापूर्वी पाणी बदलावे, भर घालणाऱ्या यंत्राची टाकी काठोकाठ भरावी, एकेका वेळचे चिमूटभर खाद्य कागदाच्या पुड्यांत बांधून प्रत्येकीवर तारीख घालावी, एक दिवसाआड एक पुडी असा हिशेब शेजाऱ्याच्या मुलाला समोर बसवून समजावावा, आणि खाद्याचा मूळ डबा कपाटात कुलूपबंद करून किल्ली आपल्याबरोबर न्यावी.